तीस अंशांच्या पलीकडे

"अपघाताच्या क्षणी, तसेच त्यापूर्वीच्या सलग चौदा सेकंदांत, चालकाचे लक्ष शंभर टक्के रस्त्यावर होते. सबब चालकाकडून कोणत्याही प्रकारचा निष्काळजीपणा घडलेला नाही. दुचाकीस्वार महिला वाहनाच्या अदृश्य क्षेत्रात स्वतःहून शिरल्याचे दिसून येते."

संस्थेच्या वाहतूक प्रमुखांनी चौकशी समितीच्या अहवालाचा हा पाचवा परिच्छेद सावकाश, विरामचिन्हांना मान देत वाचला, चष्मा काढला आणि टेबलापलीकडच्या माणसाकडे प्रसन्नपणे पाहिले. निकाल बाजूने लागल्यावर वकील अशिलाकडे पाहतो तसे. टेबलापलीकडचा माणूस मात्र कपाटाकडे पाहत होता.

परिच्छेदातली वाक्ये व्याकरणाने शुद्ध होती. त्यातला आकडा यंत्राने मोजलेला होता, आणि यंत्राला ना भाऊबंद असतात ना वैरी, तेव्हा तोही खराच होता. सगळ्या विटा पक्क्या भाजलेल्या, आणि तरी बांधलेली भिंत खोटी. रस्ता म्हणजे पुढच्या काचेतून दिसतो तेवढा डांबरी पट्टा, ही व्याख्या ज्या कुणी केली त्याला रस्त्याने कधी पाठीमागून गाठले नसावे. रस्ता बाजूनेही येतो, तिरपाही येतो, उभ्या ट्रकच्या आडून दोन पायांवरही येतो. 'अदृश्य क्षेत्र' हा शब्द तर असा वापरला होता की जणू ती जागा एखाद्या टेकडीसारखी निसर्गानेच तिथे आणून ठेवली आहे. गाडीभोवतीची कोणतीही जागा आपण होऊन अदृश्य होत नाही. कुणीतरी तिकडे पाहायचे टाळलेले असते. आणि 'स्वतःहून शिरल्याचे' म्हणजे काय, तर ती बाई दुचाकींसाठी आखून दिलेल्या पट्ट्यातून, आपल्या वेगाने, आपल्या कामाला सरळ चालली होती.

"सही इथे आणि इथे," वाहतूक प्रमुख म्हणाले. "नशीबवान आहात. यंत्रानं वाचवलं तुम्हाला."

तो म्हणाला की कागद घरी नेऊन एकदा नीट वाचतो. निर्दोष ठरलेल्या माणसाला वाचायचे काय असते, हे वाहतूक प्रमुखांना कळेना. पण ते खुशीत होते. नव्या यंत्राची उपयुक्तता सिद्ध करणारे हे पहिलेच प्रकरण होते, आणि पुढच्या महिन्यात संचालकांसमोर ते पडद्यावर दाखवायचे होते. शुक्रवारपर्यंत आणा, असे सांगून त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला.

हा माणूस संस्थेच्या डायलिसिस केंद्राची गाडी चालवायचा. सकाळी सहा रुग्णांना घरोघरी जाऊन उचलायचे, केंद्रावर सोडायचे, चार तासांनी परत न्यायचे आणि दुसरी पाळी आणायची. रुग्ण त्याला 'घुबड' म्हणत. हे नाव समोरच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांनी ठेवले होते. मास्तर म्हणजे निवृत्त भूमितीशिक्षक. मूत्रपिंडे गेली, कानही अर्धे गेले, जीभ मात्र शाबूत. गाडी वळायची झाली की घुबडाची मान आधी वळे. नुसती डोळ्यांची हालचाल नव्हे, तर हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत पुरी मान. "आरसे असूनही घुबडरावांचा स्वतःच्या मानेवरच विश्वास," मास्तर मागच्यांना सांगत, "आमच्या हिनं माझ्यावर इतका ठेवला असता तर मी आज मुख्याध्यापक असतो."

ही मान त्याने तेवीस वर्षे दुचाकीवर कमावली होती. गाडी हातात येण्याआधी तो याच संस्थेच्या प्रयोगशाळेसाठी नमुने आणायचा. मागे बांधलेल्या थंड पेटीत रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या, कधी शस्त्रक्रियेतून काढलेला मांसाचा तुकडा. उशीर केला तर नमुना नासतो आणि घाई केली तर आपण. या दोन धाकांच्या मधून त्याने तेवीस वर्षे दुचाकी काढली, ती एकदाही न पडता. मग गुडघा कुरकुरू लागला आणि चार वर्षांपूर्वी संस्थेने त्याला चारचाकीवर घेतले. हातपाय मोटारीत आले, पण बाकीचा माणूस दुचाकीवरच राहिला.

पावसाळ्यात तो रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावत नसे. चार चाकांना त्याचे सोयरसुतक नसते, तरी लावत नसे. गटाराचे लोखंडी झाकण आले की सहा माणसांची गाडीसुद्धा अलगद बाजूने काढी. उभ्या मोटारीजवळून जाताना आत बसलेल्याच्या तोंडाकडे न बघता पुढच्या चाकाकडे बघे, कारण माणूस फोनवर बोलता बोलता निघतो, चाक मात्र निघण्याआधी सांगते. सिग्नलला थांबला तरी गियर पडलेला असे आणि पुढच्या गाडीशी अंतर असे. मागून येणारा पुरता थांबल्याची खात्री होईपर्यंत नजर आरशात. खिडकीची काच उन्हातान्हात, थंडीतही दोन बोटे खाली, कारण दुचाकीवर निम्मा रस्ता कानांनीच वाचायचा असतो. आणि वळणावर तो आतल्या बाजूला झुके. मोटार झुकत नाही हे त्याला कळत होते, पण शरीराला कोण समजावणार? हळूहळू रुग्णही त्याच्याबरोबर झुकू लागले. सकाळच्या पहिल्या वळणावर सहा अशक्त माणसे एकदम डावीकडे कलत आणि त्यातल्या कुणाला ना कुणाला तरी हसू फुटे. त्या हसण्यावर केंद्रातल्या पुढच्या चार तासांचा ताण थोडा उतरत असे. ही सोय कोणत्याही निविदेत नव्हती.

मग यंत्र आले. काचेला चिकटवलेली काळी डबी. तिच्यात दोन डोळे, एक रस्त्याकडे आणि एक चालकाकडे. चालकाचा चेहरा समोरून तीस अंशांपेक्षा जास्त आणि एका सेकंदाहून अधिक वळला, की डबी वाजे आणि त्याच्या नावावर एक 'लक्ष-विचलन' नोंदवले जाई. दर सोमवारी संस्थेच्या अकरा चालकांचे एकाग्रतेचे गुण वाहतूक विभागाच्या फळ्यावर लागत. पहिल्या सोमवारी घुबड अकरावा आला. शंभरात एकेचाळीस. पहिला आला तो संचालकांच्या गाडीचा चालक. त्या गाडीच्या दोन्ही कुशी खरचटलेल्या होत्या, पण खरचटताना त्याची नजर समोर होती.

पाहणे हाच गुन्हा ठरवणारी मोजणी याआधीही जगात झाली असेल, पण ती करणारे निदान राजे तरी असत. इथे ती एका डबीने केली, आणि तिच्यापुढे शिकलेल्या माणसांनी माना तुकवल्या. वाहतूक प्रमुखांनी त्याला बोलावून घेतले.

"कुठे बघता हो सारखं?" त्यांनी विचारले.

"बाजूला, साहेब. दुचाकीवाले असतात."

"आरसे कशाला दिलेत?"

"आरशात सगळं येत नाही."

"मग आरशाची तक्रार द्या. मान कशाला वळवता?"

दोन आरशांच्या आणि एका काचेच्या मध्ये एक फट उरते, तिच्यात एक अख्खी दुचाकी बसणाऱ्यासकट मावते, आणि तेवीस वर्षे त्या फटीत बसलेला माणूस आपणच होतो, हे सगळे त्याला ठाऊक होते. पण ते वाक्यात मांडायची सवय नव्हती. ज्यांना वाक्यांची सवय होती ते कधी त्या फटीत बसले नव्हते. तिमाहीच्या शेवटी साठच्या खाली राहिलेल्यांना गाडीवरून काढून भांडारात बसवणार, असे त्याला सांगण्यात आले. सांगण्यात आले, म्हणजे तोंडी. मान वळवू नका, असा कागद संस्थेत कुठेही नाही. असले कागद कधीच नसतात.

त्याने घरी सराव सुरू केला. भिंतीवर एक खिळा होता, त्यावर नजर लावून खुर्चीत बसायचे. हातात ताटली, ती स्टिअरिंग. बायको घरीच शिवणकाम करायची. तिचे मशीन खोलीच्या डाव्या कोपऱ्यात होते, म्हणजे नेमके त्या फटीत. ती तिथून बोले आणि त्याने मान न वळवता उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी ती हसली. "अठ्ठावीस वर्षं सांगत होते, नजर सरळ ठेवा. शेवटी डबीचंच ऐकलंत." चौथ्या दिवशी तिने चहाचा कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि त्याने न बघता उचलला. ती म्हणाली, "आता माझ्याकडेही बघायचं नाही का?"

गुण वाढले. अठ्ठावन्न, सत्त्याहत्तर, एक्क्याण्णव. डबीचे वाजणे थांबले तसे गाडीत शांत वाटू लागले. मागच्या सीटवरच्या एका आजींनी तर, आता कसं झोप लागल्यासारखं होतं, अशी पसंतीही दिली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. पूर्वी सोमवारी तो फळ्यासमोरून खाली मान घालून जाई. आता थांबू लागला. संचालकांच्या चालकाला अठ्ठ्याण्णव होते, याला सत्त्याण्णव. त्या आठवड्यात वाहतूक प्रमुख इतर चालकांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की बघा, छप्पन्नाव्या वर्षीसुद्धा माणूस सुधारतो. तेवीस वर्षांत त्याने दोन लाखांवर नमुने न सांडता पोचवले होते. तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी आले नव्हते.

पुढच्या गुरुवारी सकाळी केंद्राच्या फाटकाशी डावीकडे वळताना त्याने इंडिकेटर दिला, डावा आरसा पाहिला आणि वळला. पत्र्याची बादली फरशीवर आपटावी तसा आवाज आला. दुचाकी गाडीच्या कुशीला घासत पदपथाच्या कडेला गेली होती, आणि बाईचा डावा घोटा दुचाकी आणि कडेचा दगड यांच्यामध्ये होता. तो उतरून धावला. कुणीतरी तिचे हेल्मेट काढू पाहत होते. त्याने त्यांचे हात बाजूला केले, दोन्ही तळव्यांत तिचे डोके स्थिर धरले आणि केंद्रातल्या नर्स येईपर्यंत तसाच बसून राहिला. तो रस्त्यावर गुडघे टेकून असताना गाडीतली डबी वाजली नाही. त्याचा चेहरा आता तिच्या कक्षेतच नव्हता.

त्या दिवसानंतर त्याची मान पुन्हा वळू लागली. वळणावर, सिग्नलवर, गाडी उभी असतानासुद्धा. डबी वाजवाजून थकली. गुण बेचाळीसवर आले. वाहतूक प्रमुखांनी ते 'अपघाताच्या मानसिक धक्क्याचा परिणाम' म्हणून उदारपणे माफ केले. अशा रीतीने संस्थेच्या दप्तरात एक अजब नोंद झाली: ज्या दिवशी त्याने माणसाला पाडले त्या दिवशी तो निरोगी होता, आणि बघायला लागला तेव्हा आजारी.

अहवाल घेऊन तो घरी आला तेव्हा बायको कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाला बटणे लावत होती. तिने तोंडातला दोरा काढून सगळा अहवाल वाचला.

"सही करून टाका," ती म्हणाली. "दोन वर्षं राहिलीत तुमची. तुम्हाला काही होणार नाही असं चक्क लिहिलंय त्यात."

"तिच्याबद्दल काय लिहिलंय, वाचलंस?"

"वाचलं." ती पुन्हा बटणाकडे वळली. "मी तुमची बायको आहे. मी तुमच्याबद्दलचं आधी वाचणार."

यात चुकीचे काही नव्हते, आणि म्हणूनच त्याला रात्रभर बरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी केंद्रावर सोडून तो रुग्णालयात गेला. बाई वीजमीटर वाचणारी होती. दिवसाला दीडशे घरे, तीनशे जिने. घोटा तीन ठिकाणी तुटला होता आणि आत सळई घातली होती. पस्तिशीची असेल. पलंगाशेजारच्या कपाटावर तिने आपले हेल्मेट ठेवून घेतले होते. खोलीत तिचा भाऊ होता. तो याला ओळखून उठला, पण तिने त्याला हाताने बसवले.

त्याने काय बोलायचे ते ठरवून आणले होते. बोलली तीच. संस्थेचा कागद तिलाही मिळाला होता, आणि त्याच्या बळावर पोलिसांत तिच्याच निष्काळजीपणाची नोंद होणार होती. तशी नोंद झाली की तिचे खाते तिला दुचाकीचे काम देणार नव्हते. पायाने जिने चढायचे काम तर आधीच गेले होते.

"काका, त्यात लिहिलंय मी अदृश्य क्षेत्रात होते," ती म्हणाली. "मी तर रस्त्यावर होते."

तो मान हलवत राहिला.

"मी तुमच्या आरशात तुमचा चेहरा शोधत होते. ज्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही त्याला आपण दिसत नाही, मला माहितीये ना. म्हणून मी हॉर्न दिला. म्हणजे दिला असं मला वाटत होतं. कागदात लिहिलंय, हॉर्न दिल्याचा पुरावा नाही. सोळा वर्षं चालवतेय, मी नेहमी देते. पण रोज पडून पडून तेच आठवायला लागलं ना की काहीच आठवेनासं होतं. आता मला वाटतं, नसेलही दिला. तुम्हाला ऐकू आला होता?"

डबीला दोन डोळे होते, कान नव्हता. जे यंत्राला ऐकू येत नाही ते वाजलेच नाही, असा चौकशी समितीचा तर्क होता. त्या न्यायाने बहिऱ्यांच्या गावात मेघ गर्जतच नसावेत. आणि मागचे पाचजण डुलकीत होते, तेव्हा त्या चौदा सेकंदांचा दुसरा साक्षीदार म्हणजे मास्तर, ज्यांना शेजारच्याने ओरडून सांगितलेलेही निम्मेच पोचायचे.

तो एवढेच म्हणाला की मी परत येतो. भावाने तोंड फिरवले. बाईने फिरवले नाही. ती त्याच्याकडे तशीच बघत राहिली. दुचाकी चालवणारी माणसे चाकाकडे बघतात, तशी.

परतीच्या फेरीत सगळे रुग्ण उतरले, शेवटी मास्तर राहिले. त्यांचे घर आले तरी ते उतरेनात. डायलिसिसनंतर त्यांना दोन मिनिटे तशीच लागत, म्हणून त्याने इंजिन बंद केले.

"घुबडराव, मला ऐकू कमी येतं," मास्तर समोर बघत म्हणाले, "पण मी जन्मभर कोन मोजलेत. त्या दिवशी वळताना तुमचा डावा खांदा वळला. साधारण दहा अंश. मान नाही वळली. खांदा वळतो आणि मान वळत नाही, असं शरीर आपण होऊन करत नाही. तिथे कुणीतरी कुणाला तरी धरून ठेवलेलं असतं."

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"मी कुणाला सांगणार नाही. विचारायला येणारही नाहीत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कोण विसंबणार, डबी असताना?" त्यांनी दार उघडले आणि एक पाय बाहेर ठेवून थांबले. "तुम्ही गेलात तर नवा माणूस येईल. तो मान वळवणार नाही, आणि आम्ही सहाजण रोज त्याच्या गाडीत बसू. हेही एक आहे. तुमच्या हिशेबात धरा."

म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेलेच होते. गप्प राहावे तर ती बाई आपल्याच स्मरणावर अविश्वास धरत उरलेले आयुष्य लंगडणार. बोलावे तर गाडी जाणार, आणि तिच्याबरोबर सहा माणसांची ती वळणे. इतका अवघड प्रश्न या प्रकरणातल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या वाट्याला आला नव्हता. त्यांच्या वाट्याला नेहमी आकडा येतो, आणि आकड्याशी तडजोड करणे सोपे असते.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितले. सगळे सांगितले, जे त्याने वाहतूक प्रमुखांना, बाईला किंवा मास्तरांनाही सांगितले नव्हते. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवले.

"मान वळवू नका, असं साहेबांनीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"लिहून?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही लिहून देणार, आणि ते म्हणणार आम्ही सांगितलंच नव्हतं."

"म्हणू देत. मी माझ्यापुरतं लिहीन."

ती उठली. गणवेशांचा ढीग तिने पलंगावर नेऊन ठेवला, कात्री आणि खडू बाजूला केले, मशीनवर झाकण घालून त्याचे टेबल केले आणि दिवा ओढून जवळ आणला. मग त्याच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसली. त्याने लिहायला सुरुवात करण्याआधी मान वळवून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "बघताय काय, लिहा. अक्षर मोठं काढा."

शुक्रवारी त्याने तीन प्रती नेल्या. वाहतूक प्रमुखांनी पहिली वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला राग म्हणता येणार नाही. घरातल्या नोकराने पाहुण्यांसमोर खुर्चीत बसावे, तेव्हा येणारा तो ओशाळलेपणा होता.

"हे काय आहे? तुम्ही आरोपी नाही आहात. कबुली आरोपी देतो."

"मग मला आरोपी करा, साहेब."

"तुम्हाला कळतंय का, संस्थेनं तुम्हाला निर्दोष ठरवलंय?"

त्याने सांगितले की कळतंय. मग संस्थेने ठरवलेले संस्थेने ठेवावे, याने लिहिलेले याच्या नावावर राहू द्यावे, आणि तिन्ही प्रतींवर आवक शिक्का द्यावा. वाहतूक प्रमुखांनी विचारले की मान वळवू नका असे कुणी, कधी, कोणत्या परिपत्रकात म्हटले होते ते तरी दाखवा. त्याने शांतपणे सांगितले की तसे कागदात कुठेच लिहिलेले नाही, साहेबांनी पुन्हा वाचावे. त्यांनी पुन्हा वाचले. ते खरेच नव्हते. आपले नाव नसल्याचे पाहून त्यांना हायसे वाटले. त्या कागदातली सर्वांत मोठी शिक्षा तीच होती, हे त्यांना कळले नाही.

आवक विभागातल्या कारकुनाने तीन शिक्के मारले. एक प्रत संस्थेकडे राहिली, एक त्याने घडी करून खिशात ठेवली, आणि तिसरी त्याच दुपारी रुग्णालयात जाऊन बाईच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली, भावाकडे दिली, आणि मग पहिल्यांदाच रडली. पाय तुटला तेव्हा ती रडली नव्हती. तिच्यावर होऊ घातलेली निष्काळजीपणाची नोंद त्या कागदामुळे थांबली. दुचाकीचे कामही तिला मिळेल, पाय साथ देईल तेव्हा.

संस्थेने आपला निष्कर्ष बदलला नाही. पाचवा परिच्छेद आजही जसाच्या तसा आहे, आणि संचालकांसमोर तो पडद्यावर दाखवला गेला. शंभर टक्क्यांचा आकडा हिरव्या रंगात होता. डब्या अकराही गाड्यांत आहेत. घुबडाला 'मनःस्थिती लक्षात घेता' भांडारात हलवण्यात आले. तिथे तो डायलिसिसच्या नळ्यांची खोकी तारखेप्रमाणे लावतो. सकाळी पावणेआठला गाडी फाटकात वळते तेव्हा हातातले खोके खाली ठेवून खिडकीशी उभा राहतो. आत सहा माणसे सरळ बसलेली असतात.

त्याचा जबाब अहवालाला जोडला आहे, शेवटी, परिशिष्टांमध्ये, डबीच्या हमीपत्रानंतर. तो कुणी वाचत नाही, म्हणून इथे अक्षरशः दिला आहे:

"मी खाली सही करणारा, या गाडीचा चालक. वळताना मी डावा आरसा पाहिला. आरशात कोणी नव्हते. आरशात कोणी नसले तरी बाजूला कोणी असू शकते, हे मला तेवीस वर्षे दुचाकी चालवल्यामुळे माहीत आहे. माझा खांदा वळला. मान मी वळू दिली नाही. वळवली असती तर डबी वाजली असती. त्या आठवड्यात ती एकदाही वाजली नव्हती आणि सोमवारी फळ्यावर माझे नाव पहिले येणार होते. मला कोणी काय सांगितले ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून ते मी लिहीत नाही. पण पहिला नंबर मला हवा होता, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. बाई आपल्या पट्ट्यात होत्या. त्यांनी हॉर्न दिला होता. माझी काच दोन बोटे खाली होती. तो मी ऐकला, आणि समोर बघत राहिलो."